फोर-व्हीलचा दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत: तपास कुठून सुरू करायचा

इंदूरजवळच्या सिमरोलच्या अलीकडे आमचं सोयाबीनचं रान आहे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खताची पोती घेऊन पिकअप बांधाजवळ नेला आणि मागची चाकं काळ्या मातीत बसली. फोर-एच लावलं, म्हणजे चारही चाकांना ताकद द्यायची सोय. डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा लागला. क्लच सोडला, मागून चिखल उडाला, गाडी आणखी दोन बोटं खाली गेली. उतरून पुढे गेलो तर पुढच्या चाकांवरचा चिखलाचा थर तसाच्या तसा होता, त्यावर एक रेघसुद्धा हललेली नव्हती. म्हणजे दिवा म्हणत होता चारही चाकं जुंपली आहेत आणि चाकं म्हणत होती आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

शेजारच्या ट्रॅक्टरने आम्हाला ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी इंदूरला एका गॅरेजमध्ये दाखवली, तिथे गाडीखाली न वाकताच निदान झालं: "ट्रान्सफर केस उतरवावी लागेल." मी गाडी परत घेऊन आलो. रविवारी सुदामानगरच्या घरासमोर भाच्याला टॉर्च धरायला बसवलं आणि क्रमाने तपासत गेलो. बिघाड सापडला तो नळीच्या एका टोकाला, पाऊण इंचाच्या चिरेत. तिच्याकडे पुढे येईन. हा लेख मुख्यतः त्या क्रमाबद्दल आहे, कारण बिघाड कोणताही असो, शोधायची वाट तीच असते: ताकद इंजिनापासून चाकापर्यंत ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावर ती नेमकी कुठे थांबते ते आधी हाताने फिरवून बघायचं, मगच पाना हातात घ्यायचा.

ताकदीचा रस्ता आणि दिव्याचा खोटेपणा

आपल्याकडच्या बहुतेक फोर-बाय-फोर पिकअपमध्ये पार्ट-टाइम पद्धत असते. टू-एचमध्ये, म्हणजे रोजच्या दोन चाकांच्या चालीत, गिअरबॉक्सची ताकद फक्त मागे जाते. फोर-एच लावलं की ट्रान्सफर केसच्या, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीच्या, आतली एक कडी सरकते आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पेटीपासून पुढे जाणारी लांब फिरती दांडी) मागच्याशी बांधला जातो. तो पुढच्या डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांना, फिरवतो, तिथून चाकांकडे जाणारा डावा-उजवा ॲक्सल शाफ्ट, आणि शेवटी हब, म्हणजे चाकाचा मधला भाग.

पण एवढ्याने भागत नाही. टू-एचमध्ये चालताना पुढची चाकं रस्त्यावर फिरतच असतात, आणि ती ॲक्सल, डिफरन्शियल, प्रोपेलर असं सगळं लटांबर विनाकारण फिरवत बसली तर डिझेल जास्त लागतं, आवाज येतो, झीज होते. म्हणून बहुतेक गाड्यांत या रस्त्यावर आणखी एक फाटक ठेवलेलं असतं. कुठे ते चाकाच्या हबमध्ये, कुठे ॲक्सलच्या एका बाजूला. फोर-व्हील चालायला दोन्ही फाटकं उघडी हवीत, ट्रान्सफर केसमधलंही आणि पुढचंही.

आता दिवा. तो कुठल्यातरी एका स्विचवर चालतो, आणि माझ्या गाडीत तो स्विच ट्रान्सफर केसवर होता. ट्रान्सफर केसने आपलं काम केलं, स्विच दाबला गेला, दिवा लागला. पुढचं फाटक बंद आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता. काही गाड्यांत स्विच ॲक्सलवर असतो. तिथे दिवा नुसता लुकलुकत राहिला तर ट्रान्सफर केसने काम केलं असेल, पण ॲक्सलचं जुंपणं अर्ध्यावर अडकलंय असं समजा. तुमच्या गाडीत स्विच कुठे आहे ते एकदा माहीत करून घ्या. अर्धं निदान तिथेच होतं.

बिघाड नसताना बिघाड वाटतो तेव्हा

दोन गोष्टींनी लोक फसतात, मीही फसलोय.

एक: पुढचं एकच चाक फिरतंय, दुसरं उभं आहे. हा बिघाड नाही. साधं डिफरन्शियल ज्या चाकाला पकड कमी त्यालाच फिरवतं. डिफरन्शियलला लॉक नसलेल्या गाडीत चिखलात पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच चाकं भिरभिरली तरी फोर-व्हील पूर्णपणे शाबूत असतं. दोन्ही पुढची चाकं ढिम्म असतील तेव्हाच शंका घ्या.

दोन: फोर-एच लागतं, पण सुटत नाही. खंडवा रोडवर डांबरावर कुणी फोर-एच लावून वळणं घेतली की हे हमखास होतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि पार्ट-टाइम गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये तो फरक गिळणारं डिफरन्शियल नसतं. मातीत टायर घसरून फरक निघून जातो, डांबरावर तो शाफ्टांमध्ये पीळ होऊन साठतो. फोर-व्हीलचा दांडा दगडासारखा घट्ट बसतो. जोर लावू नका. स्टिअरिंग सरळ ठेवून पाच-सात मीटर रिव्हर्स घ्या, पीळ उतरतो आणि दांडा हलका होतो. पुढे नवे आणि मागे घासलेले टायर, किंवा दोन वेगळे साइझ असले तरी हाच पीळ सरळ रस्त्यावरही भरतो, म्हणून टायरवरचे आकडे आधी वाचून घ्या.

तुमच्या गाडीत पुढचं फाटक कोणतं

गाडीखाली जायच्या आधी हे कळलं पाहिजे. पुढच्या चाकाच्या मध्यभागी बोटांनी फिरवायची डायल असेल तर हाताने लॉक करायचे हब. मारुती जिप्सीवाल्यांना हे सांगायची गरज नाही. डायल नाही, पण हबचं टोपण जाड आणि फुगीर आहे, तर बहुतेक ऑटो-लॉकिंग हब. त्यात दोन प्रकार: एक नुसता यांत्रिक, दुसरा व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेण्याच्या जोरावर, चालणारा. व्हॅक्यूमचा असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला, नकलकडे (चाक ज्यावर वळतं त्या भागाकडे) जाणारी बारीक नळी दिसेल. हब साधे आहेत आणि पुढच्या ॲक्सलच्या एका बाजूला डब्यासारखा एक भाग बोल्टांनी बसवलेला आहे, त्याला नळ्या किंवा वायरचा कपलर (जोडणीचा प्लग) आहे, तर तो ॲक्च्युएटर, म्हणजे ॲक्सलचा जोड सरकवणारा भाग. यातलं काहीच नसेल तर पुढचं ॲक्सल कायम जुंपलेलं आहे आणि फाटक एकच, ट्रान्सफर केसमधलं.

जॅकवर घेऊन हाताने फिरवणं

सपाट, पक्की जागा. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी उटी. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: फक्त पुढची चाकं उचलून, फोर-एच लावून, इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. मागची चाकं जमिनीवर आहेत. ती गाडीला ढकलतील आणि गाडी घोड्यांवरून उतरेल. खाली तुम्ही असाल. या चाचणीत इंजिन बंदच ठेवायचं. जिथे चावी फिरवावी लागते तिथे फक्त इग्निशन.

टू-एच, गिअर न्यूट्रल. गाडीखाली सरपटून पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा. थोडा जड लागेल, पण फिरला पाहिजे. फिरवतानाच दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे शाफ्टचे वाकणारे सांधे, हलवून बघा. ढिले असतील तर नंतरचे सगळे खटखट आवाज तिथलेच असतील.

मग वर बसलेल्याला फोर-एच लावायला सांगा. दांड्याऐवजी बटनाने फोर-व्हील लागणारी गाडी असेल तर इग्निशन ऑन. तुम्ही शाफ्ट हळूहळू फिरवत राहा. आतले दाते समोरासमोर आले की हाताला एक 'खट्ट' जाणवतं आणि शाफ्ट अडतो, फक्त बोटभर ढिलाई उरते. आमच्या वेळी अर्ध्या फेरीत तो 'खट्ट' आला. भाचा वरून ओरडला, "मामा, दिवा लागला!" आणि मला कळलं की गॅरेजवाल्याने उतरवायला सांगितलेली ट्रान्सफर केस निरोगी आहे. पुरी फेरी फिरवूनही शाफ्ट मोकळाच राहिला असता तर बिघाड ट्रान्सफर केस, तिची मोटर किंवा दांड्याची जोडणी यांतच शोधायचा, पुढे जायचंच नाही.

शाफ्ट अडला असेल तर आता पुढचं डावं चाक हाताने फिरवा, आणि भाच्याला उजव्या बाजूला बसवून दोन गोष्टी बघायला सांगा: उजवं चाक आणि उजवा ॲक्सल शाफ्ट. प्रोपेलर बांधलेला असताना डावं चाक पुढे फिरवलं तर उजवं उलटं फिरायला हवं. डिफरन्शियलचा स्वभावच तो. जे दिसेल त्यावरून जागा ठरते.

उजवं उलटं फिरलं तर रस्ता पूर्ण आहे. तरीही शेतात चाकं ओढत नसतील तर भार आल्यावर काहीतरी सुटतंय.

डावं चाक फिरतंय, पण त्याचाच ॲक्सल शाफ्ट स्थिर आहे, तर डावा हब जुंपलेला नाही. डावं चाक, डावा शाफ्ट आणि उजवा शाफ्टही फिरतोय, पण उजवं चाक उभं आहे, तर उजवा हब. डावं चाक आणि डावा शाफ्ट दोन्ही फिरतात, उजवा शाफ्ट मात्र उभाच, तर ॲक्सलमधला जोड लागलेला नाही, किंवा आतला एखादा शाफ्ट तुटलाय. मग हेच उजवीकडून करून बघा. आमच्याकडे डावा फिरला, उजवा शाफ्ट उभा. माझ्या गाडीत जोडणारा ॲक्च्युएटर उजव्या बाजूलाच आहे आणि तो व्हॅक्यूमवर चालतो.

एवढं सगळं व्हायला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा घोड्या शोधण्यात.

व्हॅक्यूम: सगळ्यात जास्त त्रास, सगळ्यात कमी खर्च

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा भरवशाचा व्हॅक्यूम नसतो, म्हणून वेगळा पंप लागतो. तो बहुधा आल्टरनेटरच्या पाठीला किंवा सिलिंडर हेडच्या टोकाला असतो. त्याच पंपावर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडल हलकं करणारा भाग, चालतो. म्हणून पहिली चाचणी फुकटची: इंजिन चालू असताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा कडक लागतंय का? लागत असेल तर पंप किंवा मुख्य नळीच कमजोर आहे, आणि फोर-व्हीलच्या आधी ब्रेकची काळजी करा. पेडल मऊ असेल तर पंप ठीक, गळती पुढे कुठेतरी.

पंपाची पुरी ताकद मापायची तर गेज लावून बघा. समुद्रसपाटीला संपूर्ण निर्वात म्हणजे साधारण ३० इंच पारा. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे हवाच २८ इंचांच्या आसपास दाब देते. तेव्हा आयडलवर २४-२५ इंच दिसले तर पंपाला दोष देऊ नका. मुंबईच्या माणसाने सांगितलेला आकडा इथे एक-दोन इंच कमी येणारच.

पंपापासून नळी एकतर्फी व्हॉल्व्हमधून छोट्या टाकीत जाते, तिथून एक किंवा दोन सोलेनॉइड व्हॉल्व्हकडे (विजेने उघड-बंद होणाऱ्या झडपांकडे), आणि त्यांच्यापासून ॲक्च्युएटर किंवा हबकडे. दोन नळ्या असतील तर एक जुंपते, एक सोडते. कुणी काम करताना त्या अदलाबदल करून लावल्या तर गाडी टू-एचमध्ये पुढचं ॲक्सल जुंपते आणि फोर-एचमध्ये सोडते. हा विनोद वाटतो, पण तुमच्या गाडीवर झाला की दोन दिवस खातो. नळ्या काढण्याआधी त्यांना रंगीत चिकटपट्टी लावा.

गळती शोधायला पुष्कळ जण साबणाचं पाणी लावतात. पंक्चरच्या ट्यूबला ते ठीक, कारण तिथे हवा बाहेर येते. इथे नळी हवा आत ओढते, फेस येत नाही, उलट साबण आत जातो. त्यापेक्षा हाताने चालवायचा, गेज असलेला व्हॅक्यूम पंप घ्या. मी सियागंजातून घेतला, आणि त्या एका दुपारी त्याचे पैसे वसूल झाले. आधी ॲक्च्युएटरची नळी काढून पंप थेट त्याच्या तोंडाला लावा, पंधरा-वीस इंच ओढा आणि मिनिटभर थांबा. सुई टिकली तर आतलं डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, शाबूत. सुई सरसर खाली आली तर डायफ्राम फाटलंय, ॲक्च्युएटर बदलायचा. सुई टिकत असताना चाक थोडं मागे-पुढे हलवा. जोड 'खट्ट' करून लागला पाहिजे. लागला तर ॲक्सल निर्दोष, दोष नळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये.

आमचा लागला. मग एकेक नळी वेगळी करून, दुसरं टोक बोटाने बंद करून पंपाने तपासत गेलो. तिसऱ्या नळीवर सुई २० वर गेली आणि थांबली. मी ती बाजूला ठेवणार एवढ्यात भाच्याने तिचं एक टोक सहज वाकवलं आणि सुई धाडकन ८ वर आली. इंजिनाच्या उष्णतेने टोक बांगडीसारखं कडक झालं होतं आणि धातूच्या नळीवर जिथे ती चढवलेली होती तिथेच आतल्या बाजूने चीर गेली होती. नळी सरळ असताना चीर मिटलेली, गाडी हलली की उघडी. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं.

दोन इंच टोक कापून पुन्हा चढवलं आणि गाडी तेवढ्यावर चालली. नंतर पूर्ण नळी बदलली. इथे एक सल्ला मनापासून: वायपरच्या पाण्याची किंवा मऊ साधी रबरी नळी लावू नका. व्हॅक्यूम तिला चपटी करतो. थंड असताना चालते, गरम झाली की मिटते, आणि तुम्ही परत पहिल्यापासून शोधता. व्हॅक्यूमची जाड भिंतीची नळीच मागा. शेतावर गाडी उभी करणाऱ्यांनी उंदरांचीही शंका घ्यावी. गव्हाच्या दिवसांत त्यांना बॉनेटखालची ऊब आवडते.

सोलेनॉइड व्हॉल्व्हची तपासणी सोपी. कपलर काढून १२ व्होल्ट थेट दिले की 'टिक' आवाज आला पाहिजे, आणि नळीतून व्हॅक्यूम पुढे गेला पाहिजे. नुसत्या 'टिक'वर समाधान मानू नका. आत धूळ बसली तर आवाज येतो, पण वाट बंदच राहते. या व्हॉल्व्हला हवा परत सोडायचं एक बारीक तोंड असतं, कधी त्यावर फोमची टोपी असते. ते मातीने भरलं तर साठलेला व्हॅक्यूम सुटत नाही आणि फोर-व्हील लागलेलंच राहतं. ब्रशने साफ करा. पाण्याच्या प्रेशरने नको.

विजेवर चालणारं असेल तर

बटन फिरवून काहीच होत नसेल, तर आधी फ्यूज, मग रिले, मग बॅटरी. कमजोर बॅटरीवर कंट्रोल युनिट मोटर फिरवायलाच नकार देतं. आणि शिफ्टची अट पाळताय ना ते बघा: फोर-एल, म्हणजे कमी वेगाचं पण जास्त जोराचं फोर-व्हील, बहुतेक गाड्यांत उभ्या गाडीला आणि न्यूट्रलमध्येच लागतं. क्लचच्या किंवा न्यूट्रलच्या स्विचने खबर दिली नाही तर बटन कितीही फिरवा.

मोटरच्या कपलरवर वीज पोहोचते का ते बघताना मल्टिमीटरवर एकट्यावर विसंबू नका. गंजून एका धाग्यावर लटकलेली वायरही मीटरला १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरी जोडून तिथे लावा आणि दुसऱ्याला बटन फिरवायला सांगा. मोटरला वीज फक्त दोन-तीन सेकंदच मिळते, म्हणून नजर बल्बवरच ठेवा. बल्ब मंद पेटला तर वायर किंवा अर्थिंग खराब. झगझगीत पेटला आणि मोटर तरीही गप्प, तर मोटर खोला. पुष्कळदा आत ब्रश झिजलेले किंवा पाणी शिरून गंज चढलेला असतो. काही मोटरींच्या आत जागा ओळखणारी एक संपर्क-पट्टी असते. ती काळवंडली की मोटर फिरते, पण युनिटला ती कुठे आहे ते कळत नाही, आणि दिवा लुकलुकत बसतो. मोटर काढण्याआधी तिच्या शाफ्टची जागा आणि ट्रान्सफर केसच्या दांडीची जागा यांचा मोबाइलवर फोटो घ्या. उलट बसवली तर नवं दुखणं.

हब

हाताने फिरवायचे हब ही जुनी युक्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या जीपा अमेरिकेत लोकांच्या हाती आल्या, त्यांना रस्त्यावर चालवायला सोप्या करायच्या म्हणून १९४८ च्या सुमारास आर्थर वॉर्न यांनी असे हब बनवून विकायला सुरुवात केली. अजून त्यांच्याइतकं सोपं काही निघालेलं नाही, आणि शेताच्या कामाला मी तरी तेच पसंत करतो.

त्यांचा बिघाड जवळजवळ नेहमी एकच: आत वाळलेलं ग्रीस. बेअरिंगला भरतात तसं गच्च ग्रीस कुणीतरी हबमध्ये भरतो, त्यात आपली काळी माती मिसळते, आणि सरकणारी कडी त्या गाऱ्यात रुतते. डायल लॉकवर फिरते, कडी जागची हलत नाही. टोपणाचे बोल्ट काढा, भाग ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा, रॉकेल किंवा डिझेलने धुवा. कडी बोटाने सरकली पाहिजे आणि स्प्रिंगने परत आली पाहिजे. ग्रीसचा हात फक्त पुसटसा. टोपणाची ओ-रिंग चिरलेली असेल तर बदला, नाहीतर चोरलच्या पहिल्याच ओढ्यात पाणी आत. बोल्ट बारीक असतात आणि आटे बहुधा ॲल्युमिनियममध्ये, तेव्हा ताकद आवरा. दोन्ही हब एकाच जागी आहेत ना ते बघा. एक लॉक, एक फ्री ठेवून चिखलात जाणारे मी पाहिलेत.

यांत्रिक ऑटो-हबची एक खोड लक्षात ठेवा. त्यातले बरेचसे उलट दिशेला फिरले की सुटतात, म्हणून तर टू-एचला आल्यावर थोडं रिव्हर्स घ्यायला सांगतात. मग चिखलात अडकलेली गाडी पुढे-मागे झुलवताना ते दर वेळी सुटतात आणि परत लागतात, आणि त्या लागण्यात दाते घासतात. तुमची गाडी फक्त झुलवतानाच दगा देत असेल तर बिघाड शोधू नका, झुलवणं थांबवा.

ॲक्सलमधला जोड

ॲक्च्युएटर निरोगी, वीज किंवा व्हॅक्यूम पोहोचतोय, तरी जोड लागत नाही, तर आतला काटा आणि सरकणारी कडी गंजलीत. ज्यांनी वर्षभर फोर-व्हील एकदाही लावलं नाही त्यांच्याकडे हेच सापडतं. ॲक्सलचं ऑइल आधी काढून घ्या, मग ॲक्च्युएटरचे बोल्ट. भोकातून कडी दिसेल. स्क्रू-ड्रायव्हरने हलक्या हाताने सरकवा आणि त्याच वेळी चाक थोडं हलवत राहा. सरकली तर स्वच्छ करून परत बसवा. तिच्या दातांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या तर ती हाताने लागेल आणि भार आला की सुटेल, ती बदलायचीच. ट्रान्सफर केसची चेन सैल झाली तरी भाराखाली खटाखट उडते, पण तिचा आवाज गाडीच्या मधून येतो, पुढून नाही.

काढलेलं ऑइल फेकण्याआधी बघा. दूध घातलेल्या चहासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय. ओढ्यातून जाताना गरम ॲक्सल थंड होतं, आतली हवा आकसते, आणि ब्रीदरची (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी) नळी बुजलेली किंवा निखळलेली असली की ते सीलमधून पाणी खेचतं. ब्रीदर साफ केल्याशिवाय नवं ऑइल भरण्यात अर्थ नाही. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडी पूड असणं ठीक. चकत्या किंवा दाताचा तुकडा निघाला तर मात्र डिफरन्शियल उघडायला मिस्त्रीकडे जा, ते घरचं काम नाही. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधला घाला. ट्रान्सफर केसला काही गाड्यांत गिअर ऑइल नाही, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) लागतं, आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही.

जोडून झाल्यावर

तपासायला डांबर नको, कच्चा रस्ता किंवा मैदान हवं. पुढच्या दोन्ही टायरांवर खडूची एक जाड रेघ ओढा. मागची चाकं मोकळ्या मातीत ठेवा, फोर-एच लावून अगदी हळू क्लच सोडा आणि बाजूला लांब उभ्या माणसाला रेघा बघायला सांगा. मग टू-एच करून सरळ रिव्हर्स घ्या आणि पुढचा भाग परत घोड्यांवर घेऊन प्रोपेलर मोकळा झाला का ते एकदा हाताने बघा. लागणं तपासतात सगळे, सुटणं कुणी तपासत नाही.

मी आता महिन्यातून एकदा, बहुतेक सिमरोलहून आत वळणाऱ्या मातीच्या रस्त्यावर, तीन-चार किलोमीटर फोर-एच लावून जातो. मधे एकदा उतरतो आणि पुढच्या टायरकडे बघतो. दिवा बघायचं सोडलंय.